आधी पिटा विचारा

गेल्या वेळी साडू आणि मेव्हणीला हौसेने घोडबंदर रोडवरच्या एका वाइन बारमध्ये नेलं आणि चौघंही अर्धपोटी उठलो. बिल मात्र पोटभर जेवल्याचं होतं. रात्री अकरा वाजता ठाणे स्टेशनाबाहेर गाडीवर उभं राहून भुर्जीपाव खाल्ला. साडू अजून दर लग्नात तो विषय काढतो. या शनिवारी परत जातोय, म्हणून हे लिहून ठेवतो.

टेबल सांगून ठेवा. ड्राय डे नाही ना तेवढं बघा: आषाढी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर, निवडणूक. हॅपी अवर्सच्या भरवशावर असाल तर घरून लवकर निघा, माजिवड्याच्या सिग्नलला कोणी सवलत देत नाही.

आता पिटा, म्हणजे अरबी पद्धतीची चपटी रोटी. मेन्यूत हमस (काबुली चण्याची चटणी), बाबा गनूश, मुहम्मरा, लबने अशी नावं असतात आणि प्लेट स्वस्त दिसते. असतेही. पण हे सगळं कशाला तरी लावून खायचं असतं. बाबा गनूश म्हणजे भाजलेल्या वांग्याचं भरीतच, तिळाचं ताहिनी घातलेलं. लबने म्हणजे चक्का, वर ऑलिव्ह तेल. भाकरीशिवाय भरीत किती खाल? आमच्याकडे प्लेटमागे पिटाचे चार त्रिकोणी तुकडे आले, माणशी एक. पुढची टोपली वेगळ्या पैशांची, आणि ती येईपर्यंत मुहम्मरा चमच्याने खाल्ला. अक्रोड आणि लाल मिरचीची चटणी ती, चमच्याने! तीन जादा टोपल्यांच्या पैशांत कबाबची एक प्लेट आली असती. तेव्हा टेबलासाठी फोन कराल तेव्हाच विचारा: पिटा किती येतो, जादा केवढ्याला. लाजू नका. थाळी मागवताना पोळ्या अमर्यादित का ते विचारतोच की आपण.

चौघांत लावून खायचे प्रकार दोनच घ्या. बाकीचं भरीव हवं: फलाफल (काबुली चण्याचे तळलेले वडे), तिखट सॉसमधले स्पॅनिश बटाटे, कबाब. झाझिकी वगळा, दह्यातली काकडीची कोशिंबीर घरी होते. फत्तूश नावाचं सॅलड घेतलंत तर त्यात कुरकुरीत पिटाचे तुकडे असतातच, तेवढाच आधार. नग किती येतात तेही विचारा. चौघांत पाच फलाफल आले की पाचव्यावर ‘तू घे, तू घे’ होतं आणि तो गार होतो. सगळं एकदम मागवू नका. पिटाची टोपली मात्र पहिल्या ऑर्डरीतच सांगा, नंतर नाही.

वाइन नाशिकची घ्या, आयातीवरचं शुल्क आपल्या खिशातून कशाला? ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. पिणारे तीन असतील तर ग्लासचा भाव गुणून बघा, बहुधा बाटली परवडते. साधं पाणी मागा, नाहीतर बाटलीबंद येतं.

बिलात जेवणावर जीएसटी, वाइनवर व्हॅट. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतो. गाडी नेऊ नका. बाराच्या आत रिक्षा पकडा, नंतर सव्वापट.

आणि पिटाचं विचारलंत का? मी उद्या सकाळी फोन करणार आहे.