मंगळसूत्र कुठे वाढेल, हे गाठवतानाच ठरवा

पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळ एका जिन्याखाली माझं छोटंसं दुकान आहे. मी मंगळसूत्रं गाठवते. सासरे पटवेकरी काम करायचे, त्यांच्या हाताखाली शिकले, त्याला आता ३१ वर्षं झाली. नवं मंगळसूत्र गाठवायला आलेली बाई कोणती आणि चोरानं ओढलेलं घेऊन आलेली कोणती, हे मला ती पायरीवर असतानाच कळतं. दुसरीचा एक हात गळ्याशी असतो. तिनं रुमाल उघडला की आत निघते वीतभर काळ्या मण्यांची पोत, एखादी वाटी, फाशाकडचं (मागच्या हुकाकडचं) टोक. बाकीचं मोटारसायकलवर बसून गेलेलं असतं.

२०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं. चार तोळ्यांचं गंठण घालून आपण कोथिंबीर आणायला उतरतो तेव्हा गळ्यात चार लाखांच्या वर असतात आणि हातातल्या पिशवीत दोनशे रुपये. तरी "घालूच नका" असं मी कुणाला म्हणत नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं ते कधी गळ्यातून काढलं नाही, तिला तसं सांगण्यात अर्थ नसतो. पण ते कसं गाठवून घ्यायचं, कसं घालायचं आणि ओढलंच तर काय करायचं, एवढं मी नक्की सांगू शकते.

दोऱ्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठी चूक तिथंच होते.

"ताई, चांगली मजबूत तार घाला, कुणी ओढलं तरी तुटता कामा नये," असं मला रोज कुणीतरी सांगतं. पूर्वी मी घालायचे. २०१३ साली वटपौर्णिमेच्या दिवशी माझ्या एका जुन्या गिऱ्हाईक बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, वड पूजून घरी निघाल्या होत्या. मागून गाडी आली. मागे बसलेल्यानं मण्यांवर मूठ आवळली. तीन आठवड्यांपूर्वी मीच ते पीळदार स्टीलच्या तारेत गाठवून दिलं होतं. तार तुटली नाही. बाई दहा-पंधरा फूट फरफटल्या, मग त्याच्या हातातून सुटलं. खांद्याजवळचं हाड मोडलं आणि गळ्याभोवती तारेची रेघ उठली, ती वर्षभर गेली नाही. मंगळसूत्र मात्र जसंच्या तसं राहिलं. त्यांच्या मुलीनं ते माझ्याकडे आणून दिलं तेव्हा मण्यांच्या खाचांत रक्त वाळलेलं होतं. एकेक मणी कोमट पाण्यात सोडवायला मला दोन तास लागले. त्या दिवसापासून मी तार ओवत नाही. कितीही जुनं गिऱ्हाईक असो, नाही म्हणजे नाही.

कारण नीट समजून घ्या. चोराची मूठ एकदा बसली की पुढचा झटका त्याच्या हाताचा नसतो, पळत्या गाडीचा असतो. अशा वेळी दोघांपैकी एक जाणार, दोरा नाहीतर मान.

आता मी असं करते. पोत नायलॉनच्या दोऱ्यात ओवते आणि दर चार मण्यांना गाठ मारते, म्हणजे मध्येच कुठे तुटलं तरी सगळे मणी रस्त्यावर उधळत नाहीत. दोन्ही वाट्यांच्या अलीकडे-पलीकडे स्वतंत्र गाठ. आणि फासा पोतीला थेट जोडत नाही, मध्ये साध्या सुती दोऱ्याचा दुपदरी फेर घेते. सगळ्या मंगळसूत्रात कच्ची जागा ती एकच, मानेच्या मागे, केसांखाली. दुकानात मी ते खिळ्याला अडकवून दाखवते. दोन किलोचं वजन तो दोरा धरतो, म्हणजे नातवानं ओढलं, उशीत अडकलं तर काही होत नाही. पाच किलोचं टांगलं की सुटतो. घामानं आणि तेलानं सुती दोरा कुजतो, म्हणून वर्षातून एकदा बदलून घ्यायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

अखंड साखळीचं गंठण असेल तर ते काम सोनाराचं. त्याला सांगा, फाशाजवळच्या एका कडीला झाळ देऊ नका, नुसती दाबून ठेवा. झटक्याला ती उघडते.

असं कच्च्या जागेतून सुटलेलं मंगळसूत्र बहुतेक वेळा पूर्ण चोराच्या हातात जाईल, हेही मी आधीच सांगून टाकते. सोनं जाईल, मान राहील. हे ज्यांना पटत नाही त्या दुसरीकडे जातात. काहीजणींना वेगळीच हुरहुर असते, तुटावं म्हणून मंगळसूत्र गाठवायचं हे त्यांच्या मनाला लागतं. मला ते समजतं. आपण "तुटलं" हा शब्दही उच्चारत नाही, "वाढलं" म्हणतो. मी त्यांना एवढंच म्हणते, मावशी, वाढायचंच असेल तर ते कुठे वाढेल हे आपण ठरवू या.

खोटं घातलं की चोराची भीती नाही, असं समजून पुष्कळजणी बाहेर जाताना एक ग्रॅमचं घालतात. पैशाचं नुकसान वाचतं, मान वाचत नाही. चोराला लांबून काय कळणार की ते खोटं आहे? तो ओढणारच. त्यातून बाजारच्या त्या माळांची तार माझ्या जुन्या तारेसारखीच चिवट असते. खोटं घालायचं असेल तरी आधी फाशाजवळ सुती दोरा घालून घ्या. मंगळसूत्र ब्लाउजला सेफ्टी पिनेनं टाचायची सवय असेल तर तीही मोडा, ओढल्यावर पिन उघडून मांसात घुसते. ओढणीची गाठ गळ्यापाशी मारून चालायला जाऊ नका. आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, गळाबंद कुर्ता घातला, तर मुळात काही दिसतच नाही. न दिसण्यासारखा दुसरा उपाय नाही. रोजच्यासाठी काळ्या पोतीत दोन लहान वाट्या आतल्या बाजूला ठेवायच्या आणि मोठं गंठण मंगल कार्यालयात पोचल्यावर घालायचं, असं करणाऱ्या बाईचं मंगळसूत्र गेल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

रस्त्यावर

चालताना समोरून येणारी वाहनं दिसतील ती बाजू धरा. म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं, घरांच्या भिंतीला लागून. माझ्याकडे आलेल्या बायकांपैकी बऱ्याचजणी एक गोष्ट हमखास सांगतात, गाडी आधी एकदा समोरून गेली होती. दोघं बसलेले, एकानं वळून पाहिलं, पुढे जाऊन गाडी वळली. हे दिसलं की थांबायचं. जवळच्या फाटकात शिरायचं, दुकान उघडं असेल तर दुकानात, काहीच नसेल तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. पत्ता विचारायला कुणी अगदी जवळ येऊन गाडी थांबवली तर दोन पावलं मागे सरून, लांबूनच सांगा. पहाटे फिरताना कानात गाणी नकोत.

सण आणि लग्नसराई हे चोरांचे दिवस. वटपौर्णिमेला सगळं अंगावर घालून आपण रस्त्यालगतच्या वडाभोवती फेऱ्या मारतो, सगळं लक्ष सुताकडे असतं. चार-पाचजणी मिळून जा. एकीनं बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं, मग तिची पाळी. एसटीत किंवा पीएमपीत चढताना गर्दीत हाताला काही गार लागलं तर लगेच बघा. पाटल्या कटरनं कापून नेतात, कळतही नाही.

हिसकावण्यापेक्षा मला जास्त चीड येते ती दुसऱ्या प्रकाराची, कारण त्यात बाई आपल्या हातानं दागिने काढून देते आणि नंतर उरलेला जन्म स्वतःला दोष देत बसते. नीटनेटके कपडे, बारीक केस, बोलण्यात जरब. "मावशी, आम्ही पोलीस. पुढे खून झालाय, चेकिंग चालू आहे, एवढं सोनं घालून कशाला फिरता? काढा, पर्समध्ये ठेवा." शेजारी त्यांचाच एक माणूस मुकाट्यानं आपली साखळी काढून देतो. मग बाईही काढते. तो कागदाची पुडी बांधून देतो. माझ्या समोर उघडलेल्या अशा एका पुडीत वाटाण्याएवढे खडे होते आणि दोन खोट्या बांगड्या. दुसरा प्रकार गरीब बायकांसाठी. शेटजींना मुलगा झालाय, साड्या वाटतायत, पण अंगावर दागिने दिसले तर देणार नाहीत, काढून पिशवीत ठेवा. धुणीभांडी करून घेतलेला पाऊण तोळा असा गेलेला मी पाहिलाय.

एकच वाक्य पाठ करा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या: "मी चौकीत येते, तिथं काढते." खरा पोलीस रस्त्यात दागिने उतरवून पुडी बांधून देत नाही. एवढं म्हटलं की भामटे निघून जातात.

घरी आज रात्रीच करायचं काम

स्वयंपाकघरातला किंवा सोनाराकडचा वजनकाटा घ्या. प्रत्येक दागिना काट्यावर ठेवून फोटो काढा, आकडा दिसला पाहिजे. मग फाशाचा जवळून फोटो आणि वाटीच्या मागचा. दागिना अंगावर असलेला एखादा समारंभातला फोटोही वेगळा काढून ठेवा. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक, असतो. भिंगातून बघून वहीत लिहून ठेवा, बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तो टाकला की शुद्धता आणि हॉलमार्किंग केंद्र दिसतं. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क बंधनकारक नाही, त्यामुळे लहान वाट्यांवर तो बहुधा नसतो. तिथं पावती आणि फोटो हाच पुरावा. पावत्यांची शाई दोन-तीन वर्षांत उडते, त्यांचेही फोटो काढा.

ओढलंच तर

धरून ठेवू नका. माझा पुतण्या लंडनला असतो. तिथं चोरांचा महागड्या घड्याळांवर डोळा असतो. एप्रिल २०२२ मध्ये माजी जगज्जेता बॉक्सर अमीर खान पूर्व लंडनमध्ये बायकोबरोबर हॉटेलातून बाहेर पडला, समोर पिस्तूल आलं आणि त्यानं घड्याळ काढून दिलं. दोघंही सुखरूप राहिले. माझ्या पुतण्याला सासऱ्यांनी लग्नात भारी घड्याळ दिलंय. त्याला मी सांगितलंय, बाहीखाली घाल, मागच्या नंबराचा फोटो काढून ठेव आणि कुणी मागितलं तर देऊन टाक.

पाठलाग करू नका. आधी खाली बसा, मान आणि डोकं तपासा, मग ११२ लावा. घड्याळात बघून वेळ लिहून ठेवा. पुढे सगळं त्या वेळेवर चालतं. आसपासच्या सोसायटीत आणि दुकानांत कॅमेरे असतील तर त्याच दिवशी चित्रण जपून ठेवायला सांगा, काही दिवसांनी ते पुसलं जातं. कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे-मागे असतं, तो फरकही टिपून ठेवा. चोराचं हेल्मेट काढून टाकता येतं, शर्ट बदलता येतो, पण बूट बहुतेक तेच राहतात. बूट आठवत असतील तर ते सांगा.

हातात राहिलेले तुकडे कागदी पाकिटात घालून आधी पोलिसांकडे न्या. माझ्याकडे नंतर. बायका घाईनं गाठवायला येतात आणि मी त्यांना परत पाठवते, कारण पंचनाम्यात तुटलेलं टोक दिसलं पाहिजे.

फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०४ प्रमाणे नुसत्या हिसकावण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तुम्हाला इजा झाली असेल तर ती कलम ३०९ ची जबरी चोरी होते आणि शिक्षा पुष्कळ वाढते. म्हणून मानेवरची रेघ, खरचटलेला कोपरा, सगळं लिहवून घ्या, डॉक्टरांकडून नोंदवून घ्या. "किरकोळ आहे, जाऊ दे" म्हणू नका. फिर्याद वाचूनच सही करा, वजन ग्रॅममध्ये बरोबर आहे का बघा. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

सोनं सापडतं, पण पुष्कळदा वितळवून लगड झालेलं. तेही आपलंच. खटला संपेपर्यंत वाट बघायची गरज नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये मुद्देमालाची नोंद, फोटो आणि निर्णय यांना मुदती घातलेल्या आहेत. दागिना फार दिवस ठाण्यात पडून राहू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं होतं. काट्यावरचा तो फोटो इथं कामाला येतो.

आणि घरच्यांनो, बाई घरी आल्यावर पहिल्यांदा "कशाला घालून गेलीस?" हे विचारू नका. तिच्या गळ्याला हळद लावा, चहा द्या. हे वाक्य ऐकलेल्या बायका माझ्यासमोर बसून रडल्यात, सोन्यासाठी नाही.

२०१३ च्या त्या शिक्षिका बाई अजून येतात. ज्येष्ठ लागला की एखाद्या दुपारी, ऊन असलं तरी. काळी पोत, दोन वाट्या, बाकी काही नाही. मी जुना सुती दोरा कापते, नवा फेर घेते, गाठीवर मेणाचं बोट फिरवते आणि त्यांच्या हातात देते. त्या फासा एका हातात धरतात, दुसऱ्या हातानं जोरात झटका देऊन बघतात. "वाढलं," म्हणतात. मग मी पुन्हा बांधून देते.