पिवळं फूल दिसलं की विळा नका चालवू! पेटारी काढा, तरवड राहू द्या

पावसानं उघडीप दिली, ऊन तापतंय, पिठ्या ढेकणाला (कपाशीचा रस शोषणारी पांढरी, पिठाळ कीड) असंच हवामान लागतं. धरणगाव-एरंडोलकडं ज्या ज्या कपाशीत पिठ्या बघायला गेलो तिथं सुरुवात बांधाकडच्या दोन ओळींतून, आणि बांधावर छातीएवढं पेटारीचं तण उभं, पिठ्या आधी त्याच्यावरच पोसतो. शेतकरी म्हणतो भाऊ बांध तर मागच्याच आठवड्यात साफ केला. केला ना, पण मजुरांनी तरवड कापला आणि पेटारी ठेवली! दोघांना पिवळं फूल, लांबून झुडूप सारखंच.

जवळ जाऊन बघा. तरवडाची पानं चिंचेसारखी, एका काडीला जोडीजोडीनं, शेंग चपटी कागदासारखी. पेटारीचं पान एकटं, पिंपळासारखं पण कडा दातेरी, हात फिरवला तर मखमल, आणि फळ म्हणजे दातेरी चाक, लहानपणी शाई लावून वहीवर शिक्के मारायचो तेच. फूल उघडतं दुपार कलल्यावर, म्हणून सकाळी चक्कर मारून "आपल्याकडं नाही" म्हणू नका, चारनंतर जा. चिकणा हे आणखी एक तण, त्याला चाक नसतं, फूल बारकं, बी कपड्याला चिकटतं. पण चिकणा, रानभेंडी, पेटारी सगळी कपाशीच्याच कुळातली, एकही ठेवायची नाही. तरवड त्यातला नाही, माती धरतो, भुंगे येतात, राहू द्या.

पेटारी उपटायच्या आधी झाडावर गोणपाट टाका, मुळासकट काढा, जाळा. पाटात किंवा नाल्यात फेकलं तर पिठ्या पाण्याबरोबर शेजाऱ्याकडं पोचतो. पेटारीवर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर आठ दिवसांत पहिल्या ओळीत पिठ्या येतो, हा माझा अंदाज, पुस्तकात शोधू नका.

बाकी नेहमीचं:
- कोळपणी, निंदणी
- गाजरगवत फुलायच्या आत उपटणं
- कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) एकरी २
- डोमकळ्या (गुलाबी बोंडअळीमुळं न उमललेली, मिटलेली फुलं) तोडून नष्ट करणं

दुकानदार लगेच कीटकनाशकांचं महागडं कॉम्बिनेशन आणि वरून टॉनिक हातात देतो, बांधावर पेटारी तशीच असेल तर ते पैसे मातीत. पिठ्या चार-दोन झाडांवर असेल तर तेवढ्या फांद्या काढा, तिथंच ५ टक्के निंबोळी अर्क (५ किलो निंबोळी, १०० लिटर पाणी) आणि लिटरमागं १ ग्रॅम धुण्याची पावडर मारा, पानाच्या खालून. पण पांढऱ्या पिठात तपकिरी, कडक, भोक पडलेले दाणे दिसले तर पंप खाली ठेवा, तिथं मित्रकीटक कामाला लागलेला आहे.