लॉग हलवले आणि एसई-लिनक्स आडवं आलं: लेबल नीट कसं लावावं

लॉग जिथे साठतात ते /व्हार भरत आलं की नवी डिस्क जोडून लॉग तिकडे न्यायचे, हा कुणालाही सुचणारा उपाय. /डेटा/लॉग तयार होतं, आरसिसलॉगच्या (लॉग लिहिणाऱ्या सेवेच्या) कॉन्फिगमध्ये मार्ग बदलतो, सेवा रीस्टार्ट होते, आणि नवी डिरेक्टरी रिकामी ती रिकामीच. स्टेटसमध्ये 'परमिशन डिनाइड'. आरसिसलॉग तर रूट म्हणून चालतो, मग त्याला नाही कोण म्हणतंय? वैतागून ७७७ दिलं, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, तरी काही हलत नाही. शेवटी कुणीतरी सेटएन्फोर्स ० करून एसई-लिनक्सची अडवणूकच बंद करतं, सगळं सुरळीत होतं, आणि ते ० सर्व्हर रीबूट होईपर्यंत, कधीकधी कित्येक वर्षं, तसंच राहतं.

एवढं करायची गरज नसते. एसई-लिनक्स म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला आणि फाइलला लेबल लावून कुणी कशाला हात लावायचा ते ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा व्यवस्था; तिची नियमावली म्हणजे पॉलिसी. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९, रॉकी, अल्मा या घराण्यातला सर्व्हर धरून लिहितो. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी अडवणारा ओळखा

लिनक्स पहिल्यांदा नेहमीच्या परवानग्या तपासतं, आणि त्या पास झाल्या तरच एसई-लिनक्सला विचारतं. म्हणजे सीएचमॉड (परवानग्या) किंवा सीएचओन (मालकी) चुकलं असेल तर एसई-लिनक्सची नोंदच सापडणार नाही. नोंद शोधायची ती अशी:

एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट

लांबलचक ओळ येईल. तिच्यात तीनच गोष्टी बघा. 'कॉम'पुढे प्रोग्रामचं नाव असतं. तिथे 'आरएस:मेन क्यू:रेग' असं काहीतरी विचित्र दिसलं तर घाबरू नका, तो आरसिसलॉगचाच थ्रेड आहे. 'एसकॉन्टेक्स्ट' म्हणजे मागणाऱ्याचं लेबल: सिसलॉगडी_टी. 'टीकॉन्टेक्स्ट' म्हणजे ज्या फाइलला हात लावायचा तिचं लेबल, आणि बहुतेक वेळा घोळ इथेच असतो: डिफॉल्ट_टी. रूटखाली थेट तयार केलेल्या, पॉलिसीला माहीत नसलेल्या डिरेक्टरीला हे लेबल मिळतं. डिस्क नुकतीच फॉरमॅट केली असेल तर तिच्या माथ्यावर अनलेबल्ड_टी दिसेल. सिसलॉगडी_टीला लिहायची मुभा आहे ती व्हार_लॉग_टीमध्ये.

'परमिशन डिनाइड' आहे पण नोंद नाही, असंही होतं. काही नकार पॉलिसी मुद्दाम लिहून ठेवत नाही. सेमॉड्यूल -डीबी (दोन्ही अक्षरं कॅपिटल) चालवून सेवा पुन्हा सुरू करा, नोंद मिळाली की सेमॉड्यूल -बी (हाही कॅपिटल) करून पूर्ववत करा. संदेश 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असा असेल आणि डिस्क नीट माउंट झालेली असेल, तर एसई-लिनक्सच्या मागे लागू नका. बहुधा सेवेच्या सिस्टिमडी युनिटमध्ये (सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) प्रोटेक्टसिस्टिम लावलेलं आहे; ते डिरेक्टऱ्या त्या सेवेपुरत्या फक्त वाचण्याजोग्या करतं.

मार्ग बदलायलाच हवा का?

मला विचाराल तर नको. नवा व्हॉल्यूम थेट /व्हार/लॉगवरच माउंट करा. मार्ग तोच राहिला की पॉलिसीला काही सांगावं लागत नाही. जुने लॉग आत आणून एकदा रीस्टोरकॉन -आरव्ही /व्हार/लॉग (आर कॅपिटल) चालवलं, म्हणजे नियमांप्रमाणे लेबल लावून घेतली, की काम झालं. शिवाय जर्नलडी (सिस्टिमडीची लॉग साठवणारी सेवा) आपले कायमचे लॉग /व्हार/लॉग/जर्नलमध्येच ठेवतो, ती जागा बदलायची सेटिंगच त्याच्यात नाही.

तरीही मार्ग बदलायचाच असेल तर पुढे वाचा.

आधी नोंद, मग लेबल

सीएचकॉनने लेबल तिथल्या तिथे बदलता येतं, म्हणून सगळे तेच करतात. पण ते जमिनीवर आपल्या नावाची पाटी ठोकण्यासारखं आहे. सातबाऱ्यावर फेरफार झाला नसेल तर मोजणी आली की पाटी निघते. एसई-लिनक्समधला फेरफार म्हणजे सेमॅनेज. ती आज्ञा नसेल तर पॉलिसीकोअरयूटिल्स-पायथन-यूटिल्स हे पॅकेज टाका.

सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -ई /व्हार/लॉग /डेटा/लॉग

अर्थ असा की /डेटा/लॉगला सगळे नियम /व्हार/लॉगचेच लागू. शेवटी तिरकी रेघ देऊ नका, आज्ञा नाकारली जाते. बऱ्याच ठिकाणी -टी व्हार_लॉग_टी देऊन सगळ्या झाडाला एकच लेबल लावायला सांगतात. ते अर्धवट आहे. /व्हार/लॉगच्या पोटात वेगवेगळी बिऱ्हाडं असतात: एचटीटीपीडीच्या लॉगला एचटीटीपीडी_लॉग_टी, ऑडिटच्या लॉगला ऑडिटडी_लॉग_टी. वरच्या आज्ञेने ती सगळी आपोआप जुळतात.

मग आरसिसलॉग थांबवून सीपी -ए ने लॉग आणा. मधल्या वेळचे संदेश हरवत नाहीत; ते जर्नलमध्ये साठतात आणि आरसिसलॉग जिथे थांबला तिथून पुढे उचलतो. त्यानंतर:

रीस्टोरकॉन -आरव्ही /डेटा

एक सापळा मला महागात पडला होता. सीपी -ए आणि एमव्ही दोन्ही जुनं लेबल सोबत घेऊन येतात, आणि नव्या फाइलला डिरेक्टरीचंच लेबल मिळतं. त्यामुळे सेमॅनेज न करताही सगळं चालतं. मीही खूश होतो. काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी पूर्ण रीलेबल केलं, म्हणजे सगळ्या फाइलींना नियमांप्रमाणे पुन्हा लेबल लावली, आणि नियमांत /डेटा/लॉगचं नावच नसल्याने सगळं डिफॉल्ट_टी झालं. लॉग बंद. कारण शोधायला लॉग बघावेत, तर तेच बंद! आता मॅचपाथकॉन /डेटा/लॉग/मेसेजेस चालवून नियम काय म्हणतो ते आधी बघतो, आणि एलएस -झेड (झेड कॅपिटल) करून फाइलवर काय आहे ते. दोन्ही जुळले की पुढे.

सेवा सुरू करताना

आरसिसलॉगच्या कॉन्फिगमध्ये मेसेजेस, सिक्युअर, मेललॉग, क्रॉन यांचे मार्ग एकेक करून बदलावे लागतात. ऑडिटचा मार्ग ऑडिटडी.कॉन्फमध्ये लॉग_फाइलपुढे असतो. ती सेवा सिस्टिमसीटीएलने रीस्टार्ट होत नाही, सर्व्हिस ऑडिटडी रीस्टार्ट असंच म्हणावं लागतं. नंतर लॉगर चाचणी असं टाइप करून मेसेजेसच्या शेवटी शब्द उमटतो का बघा.

इथे थांबू नका, जुने लॉग बाजूला सारून नवी फाइल सुरू करणारं लॉगरोटेट राहिलंय. त्याच्या नियमांतले मार्ग बदला, आणि चाचणी स्वतःच्या शेलमधून घेऊ नका: तुमच्या रूट शेलवर बंधनं नसल्याने तिथे सगळं चालतं, आणि रात्री टायमरने चालवल्यावर मात्र तेच लॉगरोटेट_टीच्या बंधनात असतं. सिस्टिमसीटीएल स्टार्ट लॉगरोटेट.सर्व्हिस करून पाहा.

या सगळ्यात ऑडिट२अलाउ ही आज्ञा कुणीतरी सुचवेलच. नकाराच्या नोंदीतून ती परवानगीचा नियम बनवून देते. इथे तो नियम होईल 'सिसलॉगडी_टीला डिफॉल्ट_टीमध्ये लिहू द्या', म्हणजे सर्व्हरवरच्या प्रत्येक बेवारस डिरेक्टरीत. लेबल चुकलंय, तर लेबलच दुरुस्त करा.

उबुंटूवर एसई-लिनक्सऐवजी ॲपआर्मर असतं. तिथे लेबल नसतात, नियम थेट मार्गावर असतात. /ईटीसी/ॲपआर्मर.डी/ट्यूनेबल्स/एलियास या फाइलमध्ये /व्हार/लॉग/ ते /डेटा/लॉग/ असा एलियास लिहून ॲपआर्मर रीलोड करायचं.

भर कामाच्या वेळी लॉग बंद पडले आणि शांतपणे शोधायला वेळ नसेल, तर अख्खा सर्व्हर उघडा न टाकता एकट्या सिसलॉगडी_टीला सूट द्या: सेमॅनेज पर्मिसिव्ह -ए सिसलॉगडी_टी. नकार नोंदले जातात, काम अडत नाही. लेबल जुळलं की -ए च्या जागी -डी लिहून सूट काढा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीचं लॉगरोटेट होऊन गेल्यावर, एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस यस्टरडे एकदा चालवा.