ट्रॅक्शनमध्ये येताय? आधी परतीची वाट शिका

रेल्वे-मेट्रोच्या वीजपुरवठ्यात काम करायचं ठरवलेली इलेक्ट्रिकलची मुलं अभ्यास वरच्या तारेपासून सुरू करतात. पँटोग्राफ (गाडीच्या टपावरून तारेला टेकणारा सांगाडा), मास्ट (तार धरणारे खांब), इन्सुलेटर, सबस्टेशन. साहजिक आहे, डोळ्यांना तेच दिसतं. माझं सांगणं उलटं आहे: रुळापासून सुरू करा. गाडीत गेलेला करंट सबस्टेशनला परत कसा येतो हे नीट कळलं, की जगात इतक्या वेगवेगळ्या पद्धती का आहेत याचा बराचसा उलगडा होतो. हे न कळलेला माणूस मुलाखतीत अडतो ते ठीक आहे, पुन्हा मुलाखत देता येते. साइटवर अडला तर जिवावर बेततं.

मी आधी डिस्ट्रिब्युशनमध्ये, म्हणजे वीजवितरणात होते. ११ केव्ही (किलोव्होल्ट) फीडर, ट्रान्सफॉर्मर, न्यूट्रल, अर्थ पिट, सगळं हाताखालचं. कॉलेजात ट्रॅक्शनचं एकच युनिट होतं आणि त्यात वेग-काळाच्या आलेखावरची गणितं सोडवली की मार्क मिळायचे. त्या शिदोरीवर इकडे आले तेव्हा मीटिंगमध्ये लोक जे बोलायचे त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं. पुण्याचा तो पहिला पावसाळा मी ‘जुन्या कामावर परत जावं का’ या एकाच विचारात काढला. तुम्हालाही तसं वाटत असेल तर थोडं थांबा. या क्षेत्रात सुरुवातीला सगळ्यांचीच दमछाक होते, त्यावरून तुमची कुवत ठरत नाही.

मूलभूत गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरते. पुणे स्टेशनवरून जाणाऱ्या गाड्या २५ केव्ही, ५० हर्ट्झ, सिंगल फेज एसीवर चालतात. पुणे मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड–स्वारगेट आणि वनाज–रामवाडी या मार्गांवरही वरून २५ केव्हीच आहे. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गाला मात्र रुळाशेजारी तिसरा रूळ आहे आणि त्यात ७५० व्होल्ट डीसी. म्हणजे शिकायला एकाच शहरात दोन जगं मिळतात. शिवाय आपल्या घाटाचा इतिहास आहेच. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हीटी–कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर धावली, आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा पुण्यापर्यंतचा मार्गही त्याच पद्धतीवर आलेला होता. त्या डीसीची जागा पुढे २५ केव्हीने घेतली.

आता ज्यात मी अडकले ते. ‘रूळ म्हणजे अर्थ, अर्थ म्हणजे शून्य व्होल्ट’ हे समीकरण (अर्थ म्हणजे जमिनीशी असलेली विजेची जोडणी) डोक्यातून निघायला मला फार वेळ लागला, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

७५० व्होल्टची एक गाडी २००० अँपिअर घेते असं धरा, म्हणजे दीड मेगावॉट. (हीच गाडी २५ केव्हीवर असती तर साधारण ६० अँपिअर लागले असते. डीसीला सबस्टेशनं दोन-तीन किलोमीटरवर का लागतात आणि २५ केव्हीला चाळीस-पन्नास किलोमीटर का चालतात, ते इथेच कळतं.) हे २००० अँपिअर चाकांतून रुळात उतरतात आणि रुळातून सबस्टेशनकडे निघतात. मीटरला ६० किलो वजनाच्या एका रुळाचा रोध किलोमीटरला साधारण ०.०३ ओहम धरला तर दोन रूळ मिळून ०.०१५. सबस्टेशन दोन किलोमीटर लांब असेल तर रुळातच ६० व्होल्टचा ड्रॉप झाला. मग रूळ शून्यावर कसा?

हे ६० व्होल्ट कुठे बसतात, हा पुढचा प्रश्न, आणि खरी गोम तिथेच आहे. सबस्टेशनची निगेटिव्ह बाजू जमिनीला जोडलेली नसेल तर गाडीजवळचा रूळ जमिनीच्या मानाने साधारण ३० व्होल्ट वर जातो आणि सबस्टेशनजवळचा तेवढाच खाली. गाडीपाशी थोडा करंट रुळातून जमिनीत गळतो, वाटेत पाण्याची पाइपलाइन किंवा व्हायाडक्टचं (मेट्रोच्या उंच पुलाचं) सळई-लोखंड मिळालं की त्यातून धावतो आणि सबस्टेशनजवळ त्यातून बाहेर पडून रुळात परत येतो. धातूतून करंट जिथे बाहेर पडतो तिथे तो धातू झिजतो. म्हणून गाडीपाशी रूळ झिजतो, पण पाइप झिजतो सबस्टेशनपाशी. मी कितीतरी दिवस पाइपची झीज गाडीपाशी शोधत होते. एक अँपिअर करंट वर्षभर असा सतत गळला तर सुमारे ९ किलो लोखंड विरघळतं. हा फॅराडेचा नियम आहे, यात वाद नाही.

आता कोणी म्हणेल, मग निगेटिव्ह सरळ अर्थ करून टाकू. डिस्ट्रिब्युशनमधून आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. तसं केलं की सबस्टेशनकडचं टोक शून्यावर खिळतं, गाडीकडचं टोक पूर्ण ६० व्होल्टवर जातं आणि गळलेल्या करंटला घरी यायला मोकळा रस्ता मिळतो. गळती वाढते. म्हणून डीसीमध्ये रूळ मुद्दाम जमिनीपासून इन्सुलेट ठेवतात, आणि रुळाचं व्होल्टेज माणसाला धोक्याचं व्हायला लागलं तर रूळ तात्पुरता अर्थला जोडणारं उपकरण स्टेशनवर बसवतात. दीर्घकाळ स्पर्श होऊ शकतो अशा ठिकाणी युरोपीय मानक ईएन ५०१२२-१ डीसीला १२० आणि एसीला ६० व्होल्टची मर्यादा घालतं. हे दोन आकडे पाठ असू द्या.

२५ केव्हीमध्ये सगळं उलट. तिथे सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरचं एक टोक अर्थला आणि रुळाला जोडलेलं असतं, मास्टही रुळाशी बाँड केलेले (जाड वाहकाने जोडलेले) असतात, कारण तार तुटून पडली तर ब्रेकर ताबडतोब ट्रिप व्हायला हवा. झिजण्याचा त्रास फारसा नाही, पण परतीचा करंट जमिनीत पसरला की वरची तार आणि जमीन यांचा मोठा लूप तयार होतो आणि शेजारच्या टेलिफोन-सिग्नल केबलमध्ये व्होल्टेज इंड्यूस होतं. रिटर्न कंडक्टर (परतीची वेगळी तार) आणि परतीचा करंट त्या तारेत ओढून घेणारे बूस्टर ट्रान्सफॉर्मर आले ते त्यासाठी. २×२५ केव्हीच्या ऑटोट्रान्सफॉर्मर पद्धतीनेही (यात उलट फेजची आणखी एक २५ केव्ही तार बरोबर असते) हा त्रास कमी होतो, वर सबस्टेशनं आणखी लांब-लांब ठेवता येतात.

आता शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयापाशी या. २५ केव्हीच्या मार्गाला रूळ अर्थशी घट्ट हवा, ७५० व्होल्टच्या मार्गाला अर्थपासून तुटलेला, आणि दोन्ही स्थानकं एकमेकांना खेटून. कुठलं लोखंड कोणाशी जोडायचं? ईएन ५०१२२ चा तिसरा भाग नेमका याच दुखण्यावर आहे. मुलाखतीला जाण्याआधी तो वाचलात तर तुमच्यासमोर बसलेला माणूस खुर्चीत सावरून बसेल.

या चष्म्यातून बाहेरचं जग बघा. लंडनच्या भुयारी रेल्वेत चार रूळ आहेत, एकात +४२० आणि एकात −२१० व्होल्ट, कारण परतीचा करंट बोगद्याच्या बिडाच्या अस्तरात शिरू द्यायचा नव्हता. बोर्दोच्या ट्रामला २००३ पासून काही भागात रस्त्यातल्या पट्टीतून वीज मिळते आणि ट्रामखाली येईल तेवढाच तुकडा जिवंत होतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नॉर्वे, स्वीडन यांचं १५ केव्ही, १६.७ हर्ट्झ मात्र परतीच्या वाटेमुळे नाही. जुन्या सिरीज मोटरच्या कम्युटेटरवर ५० हर्ट्झला फार ठिणग्या उडायच्या, म्हणून फ्रीक्वेन्सी कमी घेतली आणि मग तेच रूढ झालं. बाकी देशांची यादी पाठ करू नका. कारण कळलं की यादी लक्षात राहते.

आता कडक बोलते. परतीच्या वाहकाला हात लावायला हरकत नाही असं कोणी सांगितलं तर त्याच्याबरोबर काम करू नका. बाँड अखंड आहे तोवरच तो शांत असतो. लोड चालू असताना तो सोडवलात तर त्या फटीच्या दोन बाजूंना जीवघेणं व्होल्टेज उभं राहतं. म्हणूनच रूळ तुटला तर आधी जंपर लावून दोन्ही टोकं जोडायची आणि मगच रुळाला हात, असा रेल्वेचा नियम आहे. दुसरं, बंद केलेली २५ केव्ही तार मेलेली नसते. शेजारची लाइन चालू असते आणि तिच्यामुळे बंद तारेत व्होल्टेज इंड्यूस होतं. पॉवर ब्लॉक (ठरलेल्या वेळेपुरती वीज बंद) मिळाला, कामाचं परमिट हातात आलं, तरी कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड (तार अर्थला जोडणारी दांडी) लागल्याशिवाय वर चढायचं नाही. रॉडचा क्लँप आधी अर्थकडे, मग हुक तारेवर. काढताना आधी हुक, शेवटी क्लँप. क्रम उलटला तर तारेतलं व्होल्टेज तुमच्या हातातून वाट काढेल. घाई करणारा सुपरवायझर असेल तर त्याच्या तोंडावर नाही म्हणा. नवीन असलात तरी म्हणा.

इतकं वाचून घाबरायला झालं असेल. घाबरा, पण मागे फिरू नका. नियम पाळणाऱ्यांनी यात अख्खी हयात काढली आहे आणि निवृत्त होऊन नातवंडं खेळवत आहेत.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याने टॉवर वॅगनवर (वरच्या तारेचं काम करायच्या गाडीवर) रात्री काढल्या आहेत असा टीआरडीचा (रेल्वेच्या ट्रॅक्शन वीजपुरवठा विभागाचा) जुना टेक्निशियन किंवा सीनियर सेक्शन इंजिनियर तुम्हाला एका चहात जे देईल ते महागड्या कोर्सच्या स्लाइडमधून मिळत नाही. अशा काकांना प्रश्न विचारायला लाजू नका. आपल्याकडची ही माणसं चिडतात, पण विचारणाऱ्याला विसरत नाहीत. सिम्युलेशन सॉफ्टवेअर जरूर शिका, पण आधी एक फीडिंग सेक्शन (सबस्टेशनकडून वीज मिळणारा मार्गाचा तुकडा) हाताने सोडवा. वर केलं तसं, कागदावर, दोन गाड्या धरून, एक ब्रेक मारून वीज परत देतेय असंही धरून. ते न करता सॉफ्टवेअरचा आलेख रिपोर्टला चिकटवणारे मी खूप पाहिले, रुळाचं व्होल्टेज ऋण का आलं असं विचारलं की गप्प होतात. ‘शंभर प्रश्नोत्तरं’ छापाच्या पीडीएफ तर उघडूच नका.

वाचायचं असेल तर रेल्वेचं एसी ट्रॅक्शन मॅन्युअल आधी, ईएन ५०१२२ चे तीन भाग मग, आणि व्होल्टेजच्या मर्यादांसाठी ईएन ५०१६३. त्यात २५ केव्हीला सतत चालणारी किमान मर्यादा १९ आणि कमाल २७.५ केव्ही दिली आहे, ७५० व्होल्टला ५०० ते ९००. आणि दर वेळी सिंगल लाइन डायग्राम काढाल तेव्हा रूळ, बाँड, रिटर्न कंडक्टर, अर्थ हे सगळं वेगळ्या रंगात पूर्ण काढा, सबस्टेशनच्या टर्मिनलपर्यंत. बऱ्याच ड्रॉइंगमध्ये ही बाजू ‘रूळ’ एवढं लिहून सोडलेली असते. तिथेच पेन्सिल टेकवा आणि सीनियरला विचारा, इथून पुढे करंट कुठे जातो.