लाकूड आणि रेझिनचा पहिला बोर्ड: ओतायचं ते संध्याकाळी

हा बोर्ड म्हणजे खाणं मांडायची फळी: दोन बाजूंना लाकूड आणि मधे इपॉक्सी रेझिन, म्हणजे हार्डनर नावाचा दुसरा भाग मिसळला की कडक होणारं पातळ द्रव्य. इपॉक्सी रेझिनच्या डब्यावरच्या सगळ्या वेळा साधारण २५ अंश तापमान धरून छापलेल्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत ४० अंश सहज होतात. तापमान १० अंशांनी चढलं की रेझिन घट्ट होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे मिसळल्यापासून घट्ट होईपर्यंत डब्यावर ४० मिनिटं लिहिलं असेल तर हातात जेमतेम पंधरा उरतात. नवशिक्यांचे बरेच बोर्ड इथंच फसतात: फुगे अडकतात, रेझिन पिवळं पडतं, नाहीतर मधोमध तडकतं. त्यामुळे खालची सगळी कृती मराठवाड्याच्या हवेचा हिशेब धरून दिली आहे.

पहिल्या खेपेला बोर्ड लहानच घ्या. ३० सेंमी लांब, १५ सेंमी रुंद, २ सेंमी जाड. दोन बाजूंना लाकूड आणि मधून ४ सेंमीचा रेझिनचा पट्टा. याहून मोठा केलात तर बिघडल्यावर रेझिनचा खर्च फार जिवाला लागतो.

लाकूड

सगळ्यात सोपं म्हणजे जुनं सागवान. माळवदाची घरं पाडली जातात तेव्हा निघणाऱ्या तुळया आणि चौकटी लाकडाच्या वखारीत किंवा जुन्या सामानाच्या दुकानात मिळतात. ते लाकूड वर्षानुवर्षं सुकलेलं असतं, त्यामुळे नंतर दगा देत नाही. मात्र आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. एक खिळा राहिला तरी करवतीचं पातं गेलं म्हणून समजा. जुना ऑइलपेंट दिलेलं लाकूड खाण्याच्या वस्तूला घेऊच नका, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि घासताना तीच धूळ नाकात जाते. वाळवीनं पोखरलेला भाग टोकरून बघा. पटाशी लोण्यासारखी आत गेली तर तेवढा तुकडा सोडून द्या.

बाभूळ टणक, वजनदार आणि दिसायला देखणी. सालीकडची वेडीवाकडी कड ठेवायची असेल तर तिच्यासारखी कड दुसऱ्या लाकडाला नाही. तिच्यातले डिंकाचे खिसे मात्र खरवडून काढावे लागतात. आंबा स्वस्त मिळतो, पण त्याला कीड लवकर लागते. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती फळी नको. कडुनिंब टाळा, कडवट वास राहतो.

ओल्या लाकडावर रेझिन ओतलं की दोन गोष्टी होतात: ओल वाफ होऊन फुगे काढते, आणि पुढे लाकूड सुकताना आक्रसून रेझिनपासून सुटतं. ओल मोजायचं यंत्र असेल तर आकडा १२ टक्क्यांच्या खाली हवा. नसेल तर फळीचं वजन किराणा काट्यावर करून फळीवरच पेन्सिलीनं लिहा आणि दर आठवड्याला पुन्हा करा. अर्ध्या किलोच्या फळीत लागोपाठ तीन आठवडे एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला नाही की लाकूड स्थिरावलं. ही तपासणी पावसाळ्यात करू नका. श्रावणात फळी हवेतलं पाणी पिऊन परत जड होते. लाकूड उन्हाळ्यात सुकवून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं बरं.

रेझिनला भिडणारी साल पूर्ण काढा, तारेच्या ब्रशनं घासा. साल राहिली तर काही महिन्यांनी रेझिन तिच्यासकट सुटून येतं. सागवानात तेल असतं, म्हणून ओतण्याआधी कापडावर ॲसिटोन घेऊन भिडणारी कड पुसा आणि अर्धा तास उघडी ठेवा. जवळपास गॅस किंवा आगपेटी नको.

साचा

प्लायवूडच्या दुकानात प्री-लॅमिनेटेड बोर्डाचे (वर गुळगुळीत थर आधीच बसवलेल्या फळ्यांचे) कापून उरलेले तुकडे मिळतात. तळ आणि चार बाजू त्यातूनच करा. आतला माप ३० × १५ सेंमी, बाजूंची उंची ३ सेंमी. आतून सगळीकडे खाकी पॅकिंग टेप, एकही सुरकुती न ठेवता. रेझिन टेपला धरत नाही, म्हणूनच बोर्ड नंतर सुटतो. बाजू स्क्रूनं आवळा, फटींत सिलिकॉन सीलंट भरून बोटानं दाबा आणि एक दिवस सुकू द्या. हा दिवस वाचवू नका. रेझिन पाण्यापेक्षा घट्ट दिसतं, पण तासन्‌तास पातळच राहतं आणि केसाएवढ्या फटीतूनही रात्रभर झिरपतं. सकाळी साचा रिकामा आणि फरशीवर न निघणारी चकती, असं दृश्य नको असेल तर सीलंटमध्ये कंजुषी करू नका.

साचा गवंड्याच्या पाणसळीनं लांबी आणि रुंदी दोन्हीकडून सपाट करा. फळ्या आत बसवून वरून टेप गुंडाळलेल्या पट्ट्या ठेवा आणि शिकंज्यानं दाबा. हे न केल्यास फळ्या तरंगतात. लाकूड रेझिनपेक्षा हलकं आहे, हे बऱ्याच जणांच्या ओतल्यावरच लक्षात येतं.

रेझिन किती, कुठलं

२ सेंमी खोलीसाठी ‘डीप पोअर’ किंवा ‘कास्टिंग’ असं लिहिलेलं, सावकाश घट्ट होणारं रेझिन घ्या. ‘आर्ट’ किंवा ‘टेबल टॉप’ प्रकार ३ ते ६ मिमीच्या थरासाठी असतो. तो एकदम २ सेंमी ओतला तर स्वतःच्याच उष्णतेनं उकळतो, धूर येतो आणि तडा जातो. तेवढंच मिळत असेल तर ५ मिमीचे चार थर द्या, आधीचा थर जेलीसारखा झाला की पुढचा.

पट्ट्याची रुंदी पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. ३० × ४ × २ म्हणजे २४० मिली. लाकडात मुरणारं आणि भांड्याला चिकटणारं धरून १५ टक्के वाढवा: २७५ मिली. रेझिनची घनता १.१ च्या आसपास असते, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम. डब्यावर वजनानं २:१ लिहिलं असेल तर २०० ग्रॅम रेझिन आणि १०० ग्रॅम हार्डनर. प्रमाण वजनाचं की मापाचं ते नीट वाचा, कारण हार्डनर हलका असतो आणि दोन्ही प्रमाणं एक नसतात. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतोच, अंदाजपंचे काम इथं चालत नाही.

फायबरच्या कामातलं पॉलिएस्टर रेझिन वापरणारे कारागीर सांगतील की लवकर वाळवायचं तर हार्डनर थोडा जास्त टाका. ते त्या रेझिनला लागू आहे. इपॉक्सीत दोन्ही भाग ठरलेल्या प्रमाणात एकमेकांशी जोडले जातात, त्यामुळे जादा हार्डनर मोकळाच राहतो आणि बोर्ड कायमचा रबरी होतो.

रंगासाठी मायका पावडर (अभ्रकाची रंगीत भुकटी), ३०० ग्रॅमला ३ ग्रॅमपासून सुरुवात करा, ६ च्या पुढे जाऊ नका. पोस्टर कलर, खाण्याचा रंग, पाणी असलेला कुठलाही रंग नको. पाण्यानं रेझिन दुधाळ आणि मऊ राहतं.

आदल्या संध्याकाळी आणि त्या संध्याकाळी

लाकडाच्या छिद्रांत हवा असते. लाकूड तापत असेल तर ती फुगून बाहेर येते आणि घट्ट होत चाललेल्या रेझिनमध्ये बुडबुड्यांची माळ सोडते. लाकूड थंड होत असेल तर उलट होतं, ते रेझिन आत ओढून घेतं. सकाळी दहाला ओतलेला आणि रात्री आठला ओतलेला बोर्ड शेजारी ठेवला तर फरक डोळ्यांना दिसतो. दुसरं असं की डीप पोअर रेझिनची स्वतःची उष्णता काही तासांनी शिगेला पोचते. रात्री ओतलं तर ती वेळ पहाटेच्या गारव्यात येते.

म्हणून आदल्या संध्याकाळी, फळ्या साच्यात बसवण्याआधी, लाकडाच्या भिडणाऱ्या कडांना आणि तळाला ३० ग्रॅम रेझिनचा पातळ हात ब्रशनं द्या. हे वरच्या ३०० ग्रॅममध्ये धरलेलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी बोट लावून बघा. किंचित चिकट लागलं तर तसंच ओता, कडक झालं असेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडून पुसा, नाहीतर नवा थर धरणार नाही.

खोलीतला कूलर बंद. मे महिन्यात हे जड जातं, पण कूलर म्हणजे दमट हवा आणि धूळ, रेझिनला दोन्ही नकोत. पंखाही बंद. खिडकी वारा अंगावर येणार नाही इतपत उघडी. नायट्राइलचे हातमोजे आणि सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क घाला. रेझिनची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. हाताला लागलं तर साबणानंच धुवा. थिनरनं पुसलं तर ते कातडीत आणखी मुरतं.

भांडं जाड प्लास्टिकचं, कोरडं. आधी रेझिन, मग हार्डनर. सपाट काठीनं सावकाश ४ मिनिटं ढवळा, तळ आणि कडा सतत खरवडत. सुरुवातीला गरम पाण्यात पाक सोडल्यासारख्या रेघा वळवळताना दिसतात. त्या पूर्ण गेल्या की मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओता आणि आणखी २ मिनिटं ढवळा. पहिल्या भांड्याच्या कडेला चिकटलेलं अर्धवट मिश्रण खरवडून साच्यात पाडू नका. कडक झालेल्या बोर्डावर मध्येच नाण्याएवढा चिकट डाग राहतो तो त्याचाच.

ओतताना एका टोकाकडून, बारीक धारेनं. लाकडाच्या पातळीपर्यंत आलं की थांबा. पाच मिनिटांनी गॅस टॉर्च १५ सेंमीवरून झरझर फिरवा. फुगे फुटतात ते उष्णतेनं रेझिन पातळ होतं म्हणून. एका जागी थांबलात तर तिथं खळगा आणि पिवळा डाग. पुन्हा २० आणि ४० मिनिटांनी बघा. मग वरून खोकं झाका. भांड्यात उरलेलं रेझिन तसंच ठेवू नका. गोळा होऊन राहिलेलं रेझिन इतकं तापतं की प्लास्टिक वितळतं. टेप लावलेल्या फरशीवर पातळ पसरून टाका.

सकाळी पातळी एक-दोन मिमी खाली गेलेली दिसेल. मुरतं तेवढं. त्या संध्याकाळी थोडं मिश्रण करून भरून घ्या.

हिवाळ्यात अडचण उलटी. परभणीची डिसेंबरातली पहाट १० अंशांच्या खाली जाते. तेव्हा रेझिन मधासारखं जाड होतं आणि बारीक फुगे वर येतच नाहीत. झाकण घट्ट लावलेली बाटली अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा आणि दुपारनंतर, चारच्या सुमाराला ओता. बाटलीत पांढुरकं गढूळ दिसलं तर ते खराब झालेलं नाही, स्फटिक धरलेत. ५० अंशांच्या पाण्यात ठेवलं की निवळतं.

साच्यातून बाहेर

७२ तासांनी अंगठ्याचं नख दाबून बघा. खूण उमटली नाही तर साचा खोला. पावसाळ्यात वर मेणचट, ओशट थर दिसला तर आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीनं धुवा. न धुता पॉलिश पेपर लावला तर तो थर बोर्डभर फासला जातो.

घासायची घाई मात्र नको, आठवडा जाऊ द्या. कच्चं रेझिन घासलं की पेपर दोन मिनिटांत चिंगमसारखं भरतं. सपाटीसाठी फर्निचरच्या कारखान्यातल्या थिकनेसरवर (फळी सारख्या जाडीची करणाऱ्या यंत्रावर) नेता येतं, पण कारागिराला एका वेळी अर्ध्या मिमीपेक्षा कमी घ्यायला सांगा, नाहीतर रेझिनचे टवके उडतात. हाताचा रंधा रेझिनवर नको. मग कडा अर्धा-अर्धा सेंमी कापा, कोपऱ्यांची गोलाई नाणं ठेवून आखा.

पेपर ८०, १२०, १८०, २४०, ३२०, ४००, यातला एकही नंबर गाळू नका. ८० चे ओरखडे लाकडात दिसत नाहीत, रेझिनमध्ये प्रकाशात धरले की लख्ख दिसतात. २४० नंतर ओल्या कापडानं लाकूड पुसा, रवे उभे राहतील, वाळल्यावर ३२० मारा. धूळ-मास्क शेवटपर्यंत. गाड्यांच्या पेंटवाल्याकडचा २००० नंबरचा पेपर आणि रबिंग कंपाऊंड लावून आरशासारखी चकाकी आणता येते, पण रोज हाताळायच्या बोर्डाला ४०० ची मंद तकाकीच बरी, पहिला ओरखडा लपतो.

तेल कुठलं, यावर घरोघरी मतं निघतात. शेंगदाणा तेल कधीच सुकत नाही आणि खवट होतं. करडईचं फार हळू सुकतं. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या जवस तेलात ते लवकर सुकवणारी धातूंची संयुगं असतात, ते खाण्याच्या वस्तूला नको. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन ८० मिली आणि मधमाशीचं मेण २० ग्रॅम एका वाटीत घ्या. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण विरघळवा, थेट आचेवर नको. लाकडाला चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. असं तीनदा. रेझिन हे पीतच नाही, तिथं नुसतं पुसून काढायचं.

वापर

पहिले दोन-तीन आठवडे बोर्ड उघड्यावर ठेवा, खाणं मांडू नका. कडकपणा दिसायला आला तरी आतली प्रक्रिया सुरूच असते. त्यानंतरही हा बोर्ड मांडायचा, चिरायचा नाही. सुरीनं रेझिनचे कण सुटतात.

बरीचशी रेझिनं ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. त्यामुळे तव्यावरची भाकरी, चहाची किटली, आगटीतून काढलेला हुरडा थेट पट्ट्यावर नको. हुरडा चोळून, पाखडून निवला की खुशाल मांडा, शेजारी गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. हळदीचा ओला पदार्थ मात्र वाटीत ठेवा, डाग जात नाही. मे महिन्यात बंद गाडीत बोर्ड विसरलात तर तो आडव्या धनुष्यासारखा वाकून मिळेल.

धुताना भिजत घालू नका. साबणाचं पाणी, लगेच पुसणं आणि उभा करून वाळवणं. लाकूड पांढुरकं दिसू लागलं की मेण-तेलाचा एक हात. रेझिन आणि लाकडाच्या मध्ये केसाएवढी फट पडली तर तीत पातळ रेझिन टाचणीनं सोडा, वरून टेप लावून रात्रभर ठेवा, आणि २२० पासून पुन्हा घासा.