उदाची नखी: जिनिंगच्या पट्टीची आणि म्हशीच्या शिंगाची

ऊद हे अरबी तंतुवाद्य हातात आलं आणि तिसऱ्याच आठवड्यात त्याच्या तारा छेडायची माझी एकुलती एक नखी हरवली. परभणीतल्या वाद्यांच्या दुकानांत विचारलं. सतारीची नखी होती, पण ती तारेची आणि बोटात घालायची. गिटारचं पिक होतं, ते जेमतेम पेराएवढं. उदाला लागते ती मुठीत धरायची, अर्ध्या वितीहून थोडी जास्त लांब अशी लवचीक पट्टी. तेव्हापासून मी नख्या स्वतःच करतो. नवीन शिकणाऱ्यांनीही कराव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण उदाचा आवाज निम्मा या पट्टीच्या टोकात असतो.

माझा ऊद शेजारच्या चाऊस चाचांचा. निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे वंशज आपल्याकडं चाऊस म्हणून ओळखले जातात. चाचा तरुणपणी मस्कतला कामाला होते, तिथून त्यांनी हे वाद्य आणलं. नखीला ते ‘रीशा’ म्हणत. अरबीत रीशा म्हणजे पीस, कारण पूर्वी गरुडाच्या पिसाची दांडी वापरत. नवव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोबाला गेलेल्या जिर्याब या ऊदवादकानं लाकडी नखी सोडून पिसाची घेतली, असं सांगतात. तुर्कस्तानात हिलाच मिजराप म्हणतात, आपल्या सतारीच्या मिजराबचाच शब्द. पिसाच्या नादी मात्र लागू नका. घारी-गरुडांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि पिसाची दांडी टिकतही फार नाही.

सुरुवात प्लास्टिकनं करा. आमच्या भागात जिनिंगवर कापसाच्या गाठी बांधायला प्लास्टिकची पट्टी वापरतात. तिचे तुकडे आवारात पडलेले असतात, मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. गाठीला घट्ट आवळलेली पट्टी घेऊ नका, ती मुडपलेली असते. रिळाच्या शेवटचा कोरा तुकडा मागा. बारा सेंटिमीटर लांब कापा आणि रुंदी सात मिलिमीटरवर आणा. वायरी बांधायचा रुंद केबल टायही चालतो, पण त्याचे दाते पूर्ण घासून काढावे लागतात. शाळेची पारदर्शक फूटपट्टी अजिबात वापरू नका. मी वापरली होती. वाजवताना तिचं टोक मोडलं आणि तबलीवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी फळीवर, बोटभर ओरखडा उमटला. तो आजही आहे.

एक टोक अर्धगोल ठेवा, दुसरं थोडं निमुळतं. गोल टोकानं आवाज भरीव येतो, निमुळत्यानं कडक. जाडी मधे साधारण एक मिलिमीटर आणि टोकाला त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त असावी. ती एकदम कमी करायची नाही. शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये उतरत उतरत न्यायची, म्हणजे वाक टोकाशी येतो आणि मधला भाग हाताला आधार देतो. टोक टेबलावर दाबून पाहा: वाकलं पाहिजे आणि सोडताच सरळ झालं पाहिजे.

आता शिंग. प्लास्टिकवर सहा महिने हात बसला की शिंगाकडं या. आमच्या गावाकडची म्हातारी म्हैस गेली, तेव्हा वडिलांनी तिची शिंगं माझ्यासाठी ठेवली. ती मराठवाडी जातीची होती. या म्हशीची शिंगं मानेलगत मागं जातात, फार लांब नसतात, तरी एका शिंगातून तीन-चार सरळ पट्ट्या निघतात. पंढरपुरीचं लांब शिंग मिळालं तर आणखी सोपं. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो. दीड महिना उकिरड्यात पुरून ठेवलं की तो सुटतो आणि वरचं पोकळ कवच हाती येतं. टोकाचा भरीव भाग सोडा, मधलं घ्या.

हॅक्सॉ ब्लेडनं पट्टी शिंगाच्या लांबीतच कापायची. शिंगाला उसासारखे उभे धागे असतात. आडवी कापलीत तर पहिल्याच जोरकस आघाताला चिरते. मग उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून मऊ करायची, दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये घालून शिकंज्यात आवळायची आणि रात्रभर तशीच राहू द्यायची. मी पहिल्या वेळी अर्धा तास उकळली. पट्टी फुगली आणि तिचे पदर सुटले. हे काम अंगणात करा, तोंडाला रुमाल बांधून. घासताना जळक्या केसांसारखा वास येतो आणि भुकटी नाकात जाते.

जाडी कमी करायला फुटक्या काचेची धार कानशीपेक्षा चांगली. काच तिरपी धरून स्वतःकडं ओढली की कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ वळे निघतात. पट्टी मधूनमधून उन्हाकडं धरायची. काळं शिंग पातळ होत आलं की टोकाशी मधासारखा तपकिरी उजेड दिसायला लागतो, तिथं थांबायचं. पुढं पाण्यात भिजवून ४००, ८०० आणि १२०० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी सुती फडक्यावर तिळाच्या तेलाचा थेंब. काठावर नख फिरवा. कुठंही नख अडलं तर काम राहिलंय. उदाच्या खर्जाच्या तारा म्हणजे नायलॉनच्या धाग्यांवर गुंडाळलेली बारीक धातूची तार. खरखरीत काठ ती तार सोलून काढतो.

धरण्याबद्दल चाचांचं एकच वाक्य सांगतो: “बेटा, कलम सरीका मत पकड.” पट्टी तळहातातून आडवी जाते, अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये तिचं टोक बाहेर येतं, बाकीची बोटं सैल मिटलेली. मनगट वाकवून वरून खाली सोडायची, म्हणजे आघात झाल्यावर ती पुढच्या तारेवर जाऊन टेकते. उदाला पाच जोड्या आणि खर्जाची बहुधा एक सुटी तार. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच वेळी वाजल्या पाहिजेत. एकच वाजत असेल तर टोक बहुतेक जास्त टोकदार झालंय.

तारेच्या स्वराआधी ‘टक्’ ऐकू येत असेल तर टोक फार कडक आहे, अजून थोडं पातळ करा. स्वर फडफडत असेल तर ते जास्त पातळ झालंय. मग टोकाकडून तीन-चार मिलिमीटर कापा आणि नव्यानं गोल करा. म्हणूनच पहिल्यांदा पट्टी थोडी लांबच ठेवावी.

शिंगाला कसर लागते. माझी नखी मी पत्र्याच्या डबीत कडुलिंबाच्या सुक्या पाल्यात ठेवतो आणि महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवतो. रोज तासभर वाजवलं की दोनेक महिन्यांत टोक एका अंगाला झिजतं. तेव्हा १२०० चा कागद मांडीवर ठेवून वीस-पंचवीस वेळा फिरवलं की ते पुन्हा जागेवर येतं.