उष्मांक मोजून जेवताना या चुका टाळा

वजन कमी करण्यासाठी दिवसाचा आहार आखून घ्यायला जळगाव-भुसावळकडची जी मंडळी माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वहीत भाकरी, भात आणि केळी यांचा हिशेब चोख असतो. तेलापुढे मात्र अंदाजाने 'दोन चमचे' लिहिलेले असते. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात, त्यामुळे हा अंदाज चुकला की बाकीची सगळी मोजदाद वाया जाते.

एक शिक्षिका रोज 1400 कॅलरींचा आहार नेमाने लिहून आणत, तरी दोन महिने त्यांचे वजन जागचे हलत नव्हते आणि थायरॉइडच्या तपासणीतही काही निघाले नव्हते. मी त्यांना घरातला तेलाचा डबा किती दिवस पुरतो, एवढेच विचारले. चौघांच्या घरात 15 किलोचा डबा अडीच महिन्यांत संपत होता, म्हणजे माणशी रोज 50 ग्रॅम तेल आणि त्यातून 450 कॅलरी पोटात जात होत्या. वहीत मात्र जेमतेम 90 कॅलरींची नोंद होती. शेवभाजीवरची तर्री त्यांनी कधी धरलीच नव्हती आणि भरीत 'वांगे' म्हणून लिहिले होते. 100 ग्रॅम वांग्यात 25 च्या आसपास कॅलरी असतात हे खरे, पण भरितात शेंगदाणे, खोबरे आणि सढळ हाताने ओतलेले तेल पडले की वांग्याचा आकडा कामाचा राहत नाही. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये 'भरीत, एक वाटी' असे शोधून समाधान मानणाऱ्यांनाही मी हेच सांगते, कारण तो आकडा दुसऱ्याच कोणाच्या तरी स्वयंपाकघरातला असतो. माझ्या घरी सकाळीच माणशी चार लहान चमचे याप्रमाणे दिवसभराचे तेल एका वाटीत काढले जाते आणि ती वाटी रिकामी झाली की पुढचा पदार्थ फोडणीशिवाय होतो.

भाकरीचे वजन करू नये, पिठाचे करावे. 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण 170 कॅलरी असतात, पण आपल्याकडच्या ऐसपैस भाकरीला याच्या दुप्पट पीठ सहज लागते.

दुसरी चूक आखणीच्या क्रमाची आहे. न्याहारीपासून लिहायला सुरुवात करून सकाळी नुसता चहा आणि दुपारी काकडी-टोमॅटो असा दिवस काढणारा माणूस रात्री वरण-बट्टीसमोर बसतो, तेव्हा त्याची भूक कोणत्याही तक्त्याला जुमानत नाही. म्हणून मी रात्रीचे जेवण आधी लिहायला लावते. रविवारी बट्टी होणारच असेल, तर तिच्या आणि वरच्या तुपाच्या कॅलरी आधी मांडाव्यात आणि उरलेल्या न्याहारी व दुपारच्या जेवणात वाटाव्यात. या दोन्ही वेळांना डाळ, दही, मटकी किंवा अंडे हवेच, कारण प्रथिनांशिवाय पोट फार वेळ भरलेले राहत नाही.

केळी सोडण्याची गरज नाही. सोललेल्या 100 ग्रॅम केळ्यात 90 च्या जवळपास कॅलरी असतात. येता-जाता तोंडात टाकलेल्या 30 ग्रॅम शेंगदाण्यांत 170 असतात आणि ते कोणीच लिहीत नाही.

महिनाभरात दहा किलो उतरवण्याच्या घाईने 800-900 कॅलरींवर येणाऱ्यांना मी परत पाठवते. रोज 500 कॅलरींची तूट ठेवली, तर आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन उतरते आणि तेवढा वेग पुरेसा आहे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी, कारण औषध तेवढेच ठेवून आहार घटवल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.